मानाचे पान

जुन्या काळच्या पंगतीत एक पान इतर पानांहून वेगळे असे. त्यापुढे मोठा पाट मांडलेला असे, पानाभोवती रांगोळी रेखलेली असे. वाढप्याने आधी तेथे वाढावे, आणि त्या पानावर बसलेल्या माणसाने पहिला घास घेतल्यावाचून इतरांनी जेवणाला आरंभ करू नये, असा दंडक असे. ह्याला मानाचे पान म्हणत.

मुलांनो, आपल्या गावगाड्यात असे मान पुष्कळ होते. होळीत पहिली पोळी कोणी टाकावयाची, पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाचा जावयाचा, लग्नकार्यात पहिला विडा कोणाच्या हाती द्यावयाचा, हे सारे ठरलेले असे. हे मान वतनाबरोबर येत आणि बापाकडून मुलाकडे जात. भावाभावांत शेताची वाटणी व्हावी तशी त्यांचीही वाटणी होई. कित्येकदा पाटीलकीबरोबर ते विकलेही जात. आणि त्यांवरून जे तंटे होत, त्यांची हकिगत व निवाडे जुन्या मराठी कागदपत्रांत आजही वाचावयास मिळतात. एका पोळीसाठी भाऊबंदांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडावे, ह्याचे तुम्हांला हसू येईल. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल की, त्या भांडणाऱ्यांना पोळीची भूक नव्हती. चार लोकांच्या देखत आपले नाव आधी घेतले जावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

ही इच्छा मनुष्यमात्राला असते. अन्न, वस्त्र आणि निवारा ह्यांची गरज भागली की, माणसाला लोकांच्या मनातील आपल्या जागेची काळजी वाटू लागते. किंबहुना, पोटाला चिमटा घेऊनही लोकांत मान राखण्याची धडपड करणारी माणसे आपण नेहमी पाहतो. म्हणून मानाची भूक ही वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ती कोणत्या अन्नाने भागवावयाची, एवढाच प्रश्न आहे.

वंशपरंपरेच्या मानाचे दिवस आता गेले. महाराष्ट्रात १९६२ साली झालेल्या कायद्याने पिढीजात पाटीलकीचाही शेवट झाला. जन्माने मिळणारा मान गेला, हे चांगलेच झाले. कारण पहिली पोळी ज्याची, त्याने ती मिळवण्यासाठी जन्माला येण्यापलीकडे काहीच केलेले नसे. परंतु रिकामी झालेली ती जागा फार काळ रिकामी राहिली नाही. तेथे पैशाचा भपका येऊन बसला.

हा भपका तुमच्या ओळखीचा आहे. लग्नाच्या मांडवापुढे मोटारींची रांग लागते. नवऱ्या मुलाच्या गळ्यात दिसतील अशा जाड सोनसाखळ्या असतात. जेवणात इतके पदार्थ असतात की, निम्मे अन्न उष्टे टाकले जाते. चौकाचौकांत वाढदिवसाचे उंच फलक लागतात आणि त्यांवरील हसऱ्या चेहऱ्याचे कर्तृत्व कोणते म्हणून विचारावे, तर तो मनुष्य एका वर्षाने मोठा झाला एवढेच! शाळेतही कोणाच्या पायांत कोणता बूट आहे आणि कोणाच्या घरी कोणता मोबाइल आहे, ह्याची चर्चा मधल्या सुट्टीत चालतेच. तुम्ही ती केली नसेल, तर ऐकली निश्चित असेल.

आता हा थाट पाहणाऱ्याच्या मनात काय होते, ते पाहू. प्रथम त्याचे डोळे दिपतात. मग त्याला हेवा वाटतो. मग तो मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो : ह्याला किती खर्च आला असेल, हा पैसा ह्याने कोठून आणला असेल, आपल्याला असे कधी करता येईल? ह्या साऱ्या घालमेलीत थाट करणाऱ्या माणसाविषयी आदराचा लवलेशही नसतो. उलट, त्याच्यापुढे लवून नमस्कार करणारा कित्येकदा पाठ वळताच त्याची कुचेष्टा करतो. आपल्या पूर्वजांनी हे बरोबर ओळखले होते. 'असतील शिते तर जमतील भुते' ही म्हण त्यांनी उगाच केलेली नाही. शिते संपली की भुते दुसऱ्या अंगणात जातात. त्यांना आपण मानकरी समजलो, तर चूक भुतांची नव्हे.

आणि शिते नसतानाही ती दाखवण्याचा प्रयत्न केला, तर काय होते? त्यासाठीही आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे : ऋण काढून सण करणे. दोन दिवसांच्या लग्नसमारंभासाठी जमीन गहाण टाकणारी आणि मग तीच जमीन सोडवण्यात आयुष्य घालवणारी कुटुंबे महाराष्ट्राच्या खेड्यांत थोडी झाली नाहीत. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा थोड्या खर्चात साध्या रीतीने विवाह करण्यावर त्या समाजाने भर दिला, ह्याचे एक कारण हेच होते. गरिबाला भपका दुप्पट महाग पडतो. श्रीमंताचा त्यात पैसा जातो. गरिबाचे उद्याचे अन्न जाते.

ह्यावर उपाय म्हणून वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात की, बाबांनो, कष्ट करा, म्हणजे मान आपोआप मिळेल. हे वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु ते जसेच्या तसे खरे आहे काय? तुम्ही डोळे उघडे ठेवून पाहाल, तर तुम्हांला शंका येईल, आणि ती आली पाहिजे. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतमजुराइतके कष्ट कोण करतो? पहाटे उठून रस्ते झाडणाऱ्या, गटारे साफ करणाऱ्या माणसाइतके कष्ट कोण करतो? परंतु त्यांना मान मिळाला काय? शतकानुशतके आपल्या समाजाने सर्वांत अधिक कष्ट करणाऱ्यांनाच सर्वांत कमी मान दिला. कित्येकांना तर पंगतीत पानच मिळाले नाही. मग मानाच्या पानाची गोष्ट दूरच राहिली. हाताने काम करणारा हलका आणि लेखणी धरणारा किंवा नुसताच बसून खाणारा श्रेष्ठ, असा उफराटा न्याय आपल्याकडे चालत आला. त्यामुळे शिकलेला मनुष्य कुदळ हाती घेण्यास लाजू लागला, आणि कुदळ चालवणाऱ्याला शिक्षण मिळेना.

ही गाठ आधी सुटल्यावाचून कष्टाला मान मिळणे शक्य नव्हते. ती सोडवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांतील एकाची हकिगत येथे थोडी विस्ताराने सांगतो. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. तेथे त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती. भाऊरावांचे पुस्तकी शिक्षण मात्र फार पुढे गेले नाही. ते इंग्रजी सहावीपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. पुढे पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, ओगले ह्यांच्या काच कारखान्याचे कंदील विकले, आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले.

नांगर विकणे हे काम त्या काळी सोपे नव्हते. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल शिरतो आणि माती उलथी करतो, त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळून जातात. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरला होता. तो दूर करावयाचा, तर शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्याशी बोलावे लागे. ह्या फिरतीत भाऊरावांनी खेड्याचे दैन्य अगदी जवळून पाहिले. जो मनुष्य साऱ्या देशाचे अन्न पिकवतो, त्याला सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. तो मुकाट्याने अंगठा उठवतो. त्याच्या कष्टांत काही उणे नव्हते. उणे होते ते अक्षर.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले ह्या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'रयत' म्हणजे सामान्य प्रजा, शेतकरी. संस्थेचे नावच सांगत होते की, ही कोणासाठी आहे. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे भाऊरावांनी वसतिगृह सुरू केले. ह्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. त्या पंगतीत कोणाचेही पान मानाचे नव्हते, आणि कोणाचेही पान पंगतीबाहेर नव्हते. आज आपल्याला ह्यात विशेष वाटणार नाही. परंतु ज्या काळी एका विहिरीवर पाणी भरणे हाही गुन्हा समजला जाई, त्या काळची ही गोष्ट आहे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले.

वसतिगृह चालवावयाचे, तर रोज दोन वेळा चुली पेटल्या पाहिजेत. शब्दांनी मुलांचे पोट भरत नाही. भाऊराव गावोगाव जाऊन धान्य मागत. कोणी पसाभर देई, कोणी पोतेभर देई, कोणी दारातून परत पाठवी. अशा वेळी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या संपन्न घरात वाढलेल्या होत्या आणि लग्नात त्यांच्या अंगावर पुष्कळ दागिने आले होते. त्या काळच्या स्त्रीचे सारे भूषण, तिचा चार बायकांतील मान आणि तिची अडीअडचणीची पुंजी ही सर्व त्या सोन्यात साठवलेली असे. कोठीतले धान्य संपले की एकेक दागिना सराफाकडे जाऊ लागला. असे होता होता एक दिवस असा आला की, मुलांना खाऊ घालावयास घरात काही उरले नाही आणि विकावयास दागिनाही उरला नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले.

सधवा स्त्रीने मंगळसूत्र उतरवणे ही गोष्ट त्या काळी अतिशय अशुभ मानली जाई. लोक काय म्हणतील, ह्याची कल्पना लक्ष्मीबाईंना नसेल असे नाही. परंतु पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली ती मुले उपाशी निजणार, हे त्यांना त्याहून अशुभ वाटले. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. ज्यांच्या अंगावर शेवटी सोन्याचा मणीही उरला नव्हता, त्या बाईंना आज महाराष्ट्र 'रयतमाउली' म्हणून ओळखतो. त्यांच्यासारखे दागिने त्या काळी अंगावर मिरवणाऱ्या आणखीही पुष्कळ स्त्रिया असतील. त्या दागिन्यांचे वर्णन आज कोणालाही ठाऊक नाही.

परंतु दान आणि त्याग ह्यांवर शाळा फार दिवस चालत नाहीत, आणि भाऊरावांना तशी ती चालावी अशी इच्छाही नव्हती. दानावर वाढलेल्या मुलाच्या मनात, आपण कोणाचे तरी देणे लागतो, ही भावना घर करून राहते. त्याची मान थोडी खाली असते. म्हणून त्यांनी आपल्या संस्थेचे ब्रीद ठरवले ते 'स्वावलंबी शिक्षण' हे. मुलाने आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या श्रमाने उभा करावयाचा. ह्यालाच पुढे 'कमवा आणि शिका' असे नाव पडले.

ही मुले कोणती कामे करीत? दळण दळणे, भाकऱ्या भाजणे, भांडी घासणे, आपले कपडे आपण धुणे, ही तर रोजचीच झाली. ह्याखेरीज ती शेतात आणि बागेत राबत, भाजीपाला पिकवीत, खडकाळ जमीन खणून सपाट करीत, दगड फोडीत आणि इमारतीच्या बांधकामावर माती-दगड वाहत. अशा रीतीने ज्या शाळेत शिकावयाचे, तिच्या उभारणीला पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांचेच हात लागले. सकाळी ज्या हातांनी कुदळ धरली, त्याच हातांनी दुपारी भूमितीची आकृती काढावयाची. दगड फोडणाऱ्या मुलाला कोणी 'मजूर' म्हणून हिणवू शकत नव्हते, कारण त्याच्या दप्तरात व्याकरण होते. आणि व्याकरण शिकणाऱ्या मुलाला कोणी 'बसून खाणारा' म्हणू शकत नव्हते, कारण त्याच्या तळव्यांना घट्टे होते.

मघाशी मी ज्या गाठीविषयी बोललो, ती येथे सुटते. श्रमाला आपल्याकडे मान नव्हता, ह्याचे कारण श्रमात काही खोट होती असे नव्हे. आपण श्रम एका माणसाच्या पदरी टाकले होते आणि ज्ञान दुसऱ्याच्या. भाऊरावांनी ती दोन्ही एकाच मुलाच्या पदरात घातली. ह्या मुलांतून पुढे शिक्षक, प्राध्यापक, अधिकारी आणि संशोधक झाले. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यांत दगड फोडल्याचा उल्लेख लपवलेला नाही, उलट तो अभिमानाने केलेला आढळतो.

आणि लोकांनी भाऊरावांना काय दिले? खादीचे जाडेभरडे कपडे, पांढरी दाढी आणि हातात काठी, अशा वेषात हिंडणाऱ्या ह्या माणसाला त्यांनी 'कर्मवीर' म्हटले. कर्मवीर ही पदवी कोठल्या दरबाराने दिली नव्हती. सरकारचे आणि विद्वानांचे लक्ष पुढे तिकडे गेले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्मानाची पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण न झालेल्या माणसापुढे विद्यापीठ असे नम्र झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, भाऊरावांचे निधन झाले.

'कमवा आणि शिका' ही पद्धत मात्र थांबली नाही. आज महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत ती चालू आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. तास संपले की विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात नोंदी करतात, बागेत झाडांना पाणी घालतात आणि जितके तास काम केले तितक्या तासांचे वेतन घेतात. अशी मुले मी पाहिली आहेत. पहिले काही दिवस ती वर्गमित्र जवळून जाऊ लागला की झारी मागे लपवतात. महिन्याअखेरी पहिले वेतन हाती पडले आणि त्यातून स्वतःचे शुल्क भरले, की झारी लपवणे आपोआप बंद होते. वर्गमित्रांच्या बोलण्यातही हळूहळू फरक पडतो. परीक्षा जवळ आली म्हणजे टिपणे मागावयास ते ह्याच मुलाकडे येतात, कारण वेळेची किंमत त्याला कळलेली असते आणि त्याची टिपणे पुरी असतात.

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी मला अडवील. तो म्हणेल, "गुरुजी, मग पैसा वाईट, असेच ना तुमचे म्हणणे?" नाही, माझे म्हणणे असे मुळीच नाही. पैशावाचून शाळेचे छप्पर चढत नाही, हे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. भाऊरावांनीही श्रीमंतांपुढे हात पसरताना कधी संकोच केला नाही. १९४० साली त्यांनी साताऱ्यात जे निःशुल्क निवासी हायस्कूल सुरू केले, त्याला त्यांनी बडोद्याच्या एका राजाचे, महाराजा सयाजीरावांचे, नाव दिले. सयाजीराव गायकवाडांपाशी हिऱ्यामोत्यांना तोटा नव्हता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकऱ्याचा हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. परंतु कुदळ सुटली तरी त्यांचे कष्ट सुटले नाहीत. त्यांनी राजवाड्यात बसून लिहिणे-वाचणे शिकण्यापासून आरंभ केला, आणि पुढे १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ब्रिटिशांच्या ताब्यातील मुलखात त्या वेळी तसा कायदा नव्हता. हिरेमोती इतर संस्थानिकांजवळही होती. भाऊरावांनी शाळेच्या दारावर नाव घातले ते सयाजीरावांचे. पैसा कोणापाशी आहे, इकडे त्यांनी पाहिले नाही. तो कोणत्या कामी झिजला, इकडे पाहिले.

नावाचीच गोष्ट निघाली आहे, म्हणून आणखी दोन नावांविषयी सांगतो.

१९४७ साली भाऊरावांनी साताऱ्यास महाविद्यालय काढले आणि त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले. महाविद्यालय चालवणे हे काम खर्चाचे होते आणि संस्थेची तिजोरी नेहमीप्रमाणे रिकामीच होती. अशा वेळी एक धनिक मोठी देणगी देण्यास पुढे आला. अट एवढीच होती की, महाविद्यालयाचे नाव बदलून त्याने सांगितलेले नाव द्यावे. ह्यावर भाऊराव म्हणाले की, एक वेळ मी माझ्या बापाचे नाव बदलीन, परंतु महाविद्यालयाचे नाव बदलणार नाही. ही आठवण त्यांच्या भागात आजही सांगितली जाते. देणगी गेली. नाव राहिले. त्या धनिकाची बाजूही आपण क्षणभर समजून घेऊ. त्याला मानच हवा होता, आणि आजवर जी वस्तू हवी वाटली ती पैसे मोजून मिळाली, असा त्याचा अनुभव असेल. ही एक वस्तू विकाऊ नाही, हे त्याला साताऱ्यात कळले.

ह्यानंतर सात वर्षांनी, १९५४ साली, रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाड येथे दुसरे महाविद्यालय सुरू केले. ह्या वेळी जे नाव निवडले गेले, त्या नावाच्या माणसाने बहुधा शाळेची पायरीही कधी विद्यार्थी म्हणून चढलेली नव्हती. तो परीट कुळात जन्मला होता. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि भाकरी खाण्यासाठी फुटके गाडगे, एवढाच त्याचा संसार होता. तो एखाद्या गावात जाई, तेव्हा सत्काराची वाट न पाहता खराटा घेऊन आधी गावचे रस्ते झाडू लागे. लोक ओशाळून त्याच्या मागोमाग झाडू लागत. आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर त्याचे कीर्तन होई. त्याच्या पाया पडू पाहणाऱ्याला तो पाया पडू देत नसे. लोकांनी त्याच्या शब्दाखातर लाखो रुपये दिले आणि त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी प्रशस्त धर्मशाळा उभ्या राहिल्या. परंतु त्याने त्या पैशातून स्वतःसाठी किंवा आपल्या कुटुंबासाठी एक झोपडीही बांधली नाही. हा मनुष्य म्हणजे गाडगे महाराज.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगे महाराजांनी देह ठेवला. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या त्या कऱ्हाड शहरात 'सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज' आजही चालू आहे. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले आणि मुली सकाळी एस.टी.ने तेथे येतात आणि प्रवेशाच्या अर्जावर, परीक्षेच्या अर्जावर, महाविद्यालयाचे नाव लिहावयाच्या जागी एका झाडूवाल्या माणसाचे नाव लिहितात.